जुन्या डिझेल जीपला टर्बोचार्जर जोडणे

जुन्या डिझेल जीपला टर्बोचार्जर जोडणे : बाहेरची हवा केवळ पिस्टनच्या ओढीने आत घेणारे साधे डिझेल इंजिन घेऊन कारखान्यातून निघालेल्या फोर-बाय-फोर गाडीला पुढे केव्हातरी टर्बोचार्जर बसवण्याचे काम. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका चाकाला फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात ढकलते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. जास्त हवा मिळाली की जास्त डिझेल पूर्ण जळते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक ताकद निघते. ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची असून त्याचे पेटंट १९०५ मधले आहे. गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांचा भूप्रदेश समोर ठेवून या जोडणीचा विचार केला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. टर्बोचा खरा लाभ भरलेल्या गाडीला घाटरस्त्यावर होतो. ज्या चिखलासाठी, व्हाळासाठी (ओढ्यासाठी) आणि सड्यावरच्या (जांभ्या पठारावरच्या) वाटेसाठी जीप ठेवली जाते, तिथे तो फारसा उपयोगी पडत नाही. खाली जे विवेचन आहे ते याच मुद्द्याचे आहे.

या भागात जुनी डिझेल जीप म्हणजे बहुधा महिंद्र, आणि तिच्या इंजिनांची दोन कुळे आहेत. एक फ्रेंच प्यूजो कंपनीकडून परवाना घेऊन बनवलेले एक्सडीपी ४.९० हे इंजिन. १९८० च्या दशकातल्या एमएम ५४० मध्ये ते होते. चार सिलिंडर, ९० मिमी व्यास, ८३ मिमी स्ट्रोक, २,११२ घन सेंमी क्षमता, सुमारे ६२ अश्वशक्ती. यात डिझेल आधी एका छोट्या पूर्वकक्षात फवारले जाते, तिथे ज्वलन सुरू होते आणि मग ते सिलिंडरमध्ये पसरते. दुसरे कूळ इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनापासून निघालेले. त्याचे अखेरचे मोठे रूप म्हणजे २,५२३ घन सेंमीचे डीआय इंजिन. त्याचा व्यास ८८.९ मिमी, पण स्ट्रोक १०१.६ मिमी, म्हणजे ट्रॅक्टरचाच. त्यात डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारले जाते. पहिले इंजिन आखूड स्ट्रोकचे आणि फेऱ्यांवर चढणारे, दुसरे लांब स्ट्रोकचे आणि कमी फेऱ्यांवर ओढणारे. ‘जुन्या जीपला टर्बो चालतो का’ हा प्रश्न दोघांना मिळून एकच विचारला जातो, आणि पुढचा बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो.

टर्बोच्या बाजूने नेहमी पुढे येणारा पहिला दाखला हिमालयाचा असतो. खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ ४० टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे साधे इंजिन धापा टाकते आणि टर्बो ती तूट भरून काढतो. हे खरे आहे, पण ते गोव्याला लागू पडत नाही. पेडण्याचे किनारी गाव समुद्रसपाटीला, डिचोलीची वस्ती त्याहून थोडी वर, आणि इथून सह्याद्री ओलांडणारे रस्तेही फार उंच जात नाहीत. चोर्ला घाट सुमारे ८०० मीटर, आंबोली सुमारे ७०० मीटर. दर १०० मीटरला हवेची घनता साधारण एक टक्का घटते असे धरले तरी चोर्ल्याच्या माथ्यावर आठ टक्क्यांपेक्षा जास्त तूट येत नाही. एवढ्या तुटीसाठी कोणी इंजिन खोलू नये. उंचीचा मुद्दा बाजूला ठेवला की कोकणपट्टीत टर्बोला स्वतःचे समर्थन नव्याने द्यावे लागते.

ते समर्थन किती भक्कम आहे, हे साध्या हिशेबाने पडताळता येते. बाहेरची हवा ३५ अंश सेल्सिअस असताना टर्बोने अर्धा बार दाब दिला, तर दाब दीडपट होतो, पण हवा दीडपट मिळत नाही. दाबताना ती तापते. लहान टर्बोची सर्वसाधारण कार्यक्षमता धरली तर ती ९० अंशांच्या पुढे जाते आणि तापलेली हवा पसरते. हाती राहते ती सुमारे २५ टक्के जादा हवा. इंटरकूलर लावून ती ५० अंशांवर आणली तर हा लाभ ४० टक्क्यांच्या आसपास जातो. मात्र इंटरकूलरला थंड हवेचा झोत लागतो, आणि व्हाळातून माणसाच्या चालीने जाणाऱ्या जीपपुढे असा झोत नसतो. शिवाय तो रेडिएटरच्या पुढे बसवला की आधीच दमलेल्या रेडिएटरची हवा अडते. तेव्हा मळवाटेवर २५ टक्के हाच आकडा धरून चालणे रास्त.

आता या २५ टक्क्यांच्या शेजारी जीपमध्ये पहिल्यापासून असलेली गोष्ट ठेवावी. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमधला लो गियर २.४६ ला १ या प्रमाणाचा असतो. म्हणजे चाकावरचा टॉर्क तो जवळजवळ अडीचपट करतो, तोही इंजिनावर कणभर जादा भार न टाकता आणि अगदी शून्य वेगापासून. याउलट टर्बोला जागे व्हायला धूर लागतो. २,११२ घन सेंमीचे इंजिन १,२०० फेऱ्यांवर मिनिटाला जेमतेम १,२७० लिटर हवा आत घेते. ३,००० फेऱ्यांवर हाच आकडा ३,१७० च्या आसपास जातो, आणि धुराची उष्णताही तेव्हा जास्त असते. तांबोसे, इब्रामपूरकडच्या उतारांवर, काजूच्या बागांतल्या वाटांवर किंवा पावसाळ्यात मोपाच्या जांभ्या सड्यावर जीप लो गियरमध्ये हजार-बाराशे फेऱ्यांवरच चाललेली असते. तिथे मोठा टर्बो बहुतेक झोपलेला असतो. चालकाने पाय दाबला तर तो क्षणभर थांबून एकदम दाब देतो, आणि ओल्या चिकण मातीवर एकदम आलेली ताकद चाक जागीच फिरवते. चिखलात अडलेल्या गाडीला बहुतेक वेळा ताकद कमी पडत नाही, पकड कमी पडते. पकड टायरमधून, वजनाच्या वाटणीतून आणि संयमाने दिलेल्या एक्सलरेटरमधून येते.

वाळूचा अपवाद मानायला हवा. कोरड्या वाळूत वेग आणि सलग ताकद लागते, आणि तिथे टर्बोचे इंजिन खरोखर सरस ठरते. पण पेडण्यात वाळू म्हणजे मोरजी, मांद्रे, हरमल, केरी इथले किनारे. तिथे गाडी उतरवायला बंदी आहे, आणि मोरजी-मांद्र्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्यामुळे हा अपवाद इथे कागदावरच राहतो आणि तसाच राहायला हवा.

या प्रतिपादनावरचा सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द महिंद्रच्या कारखान्यातून येतो. २०१० मध्ये आलेल्या थार डीआय या गाडीत तेच २,५२३ घन सेंमीचे जुने इंजिन टर्बोसह होते आणि १८२.५ न्यूटन-मीटरचा सर्वाधिक टॉर्क ते १,५०० ते १,८०० फेऱ्यांतच देत होते. मग कमी फेऱ्यांवर टर्बो निरुपयोगी कसा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याने माझे विधान थोडे आवरते घ्यावे लागते. लांब स्ट्रोकच्या, थेट फवाऱ्याच्या इंजिनाला नेमका जुळणारा लहान टर्बो दिला तर तो खालपासून साथ देतो. पण कारखान्याने काय घेतले नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते. टर्बो लावूनही ताकद ६३ अश्वशक्तीवर आणि तीही ३,२०० फेऱ्यांवरच थांबवली. टॉर्क घेतला, वरच्या फेऱ्यांचा मोह टाळला. त्याच काळात कॉमन रेलचे नवे इंजिन घेऊन आलेली थार १०५ अश्वशक्ती देत होती, म्हणजे जास्त ताकद हवी तेव्हा निर्मात्याने जुन्या इंजिनाला न पिळता वेगळे इंजिन दिले. प्यूजोनेही १९७९ च्या सुमारास आपल्या ६०४ या मोटारीत एक्सडी कुळातल्याच २,३०४ घन सेंमीच्या इंजिनाला टर्बो लावला, आणि घेतली ती सुमारे ८० अश्वशक्ती. त्या इंजिनाचे बांधकाम ज्यांना आतून ठाऊक होते, त्यांनी एवढीच वाढ पुरेशी मानली. भंगारबाजारातला भलत्याच गाडीचा टर्बो आणून एक्सडीपीला जोडणाऱ्याने निदान हा हात राखून चालण्याचा धडा घ्यावा.

हात राखायचा तो उष्णतेपुढे. गॅरेजमध्ये बोलणे बूस्टचे, म्हणजे टर्बोच्या दाबाचे, चालते, पण जुने इंजिन दाबाने क्वचित आणि तापाने नेहमी जाते. नुसता टर्बो लावला आणि डिझेल पंपाला हात लावला नाही, तर जादा हवेने धूर स्वच्छ होतो आणि ज्वलनाचे तापमान उलट उतरते. अशी जोडणी इंजिनाला अपायकारक नसते, पण ताकदही फारशी वाढत नाही. म्हणून मग पंप वाढवला जातो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. टर्बोच्या गाडीसाठी बनवलेल्या पंपावर दाब येईल तसे डिझेल वाढवणारा पडदा असतो. जुन्या जीपच्या पंपाला तो नसतो. तिथे स्क्रू फिरवला की टर्बो जागा होण्याआधीही डिझेल जास्तच पडते. टर्बोच्या तोंडाशी धुराचे तापमान सतत ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. नव्या टर्बो इंजिनांत पिस्टनच्या पोटाखाली तेलाची धार मारून तो थंड ठेवतात. ती सोय नसलेल्या जुन्या इंजिनात चोर्ल्याच्या चढावर दहा मिनिटे पाय दाबून ठेवला तर पिस्टनचा माथा वितळू लागतो, पूर्वकक्षाच्या इंजिनात दोन व्हॉल्व्हांच्या मधल्या भागात हेड तडकते किंवा हेड गॅस्केट जाते. म्हणून टर्बो लावणाऱ्याने डॅशबोर्डवर पहिला काटा बूस्टचा न बसवता धुराच्या तापमानाचा बसवावा, असे मी आग्रहाने म्हणेन. ज्या जोडणीत तो काटा नाही ती अर्धवट समजावी.

डिचोलीत याखेरीज धुळीचा विचार करावाच लागतो. लोहखनिजाच्या पट्ट्यात सुक्या दिवसांत लाल धूळ हवेत कायम असते. खाणकाम २०१२ मध्ये बंद पडले, पुढे सुरू झाले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबले आणि आता लिलावातून काही भागांत परतले आहे. पण खाण चालू असो वा बंद, जांभ्याची आणि रस्त्याच्या कडेला साचलेल्या खनिजाची धूळ उडायची राहत नाही. लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना ही धूळ कानशीसारखी घासते. जुन्या जीपचा तेलातून हवा गाळणारा फिल्टर साध्या इंजिनासाठी ठीक होता. टर्बोच्या वाढलेल्या ओढीत, त्यातही गाडी चढावर तिरकी असताना, त्यातले तेलच आत खेचले जाण्याची भीती असते, आणि डिझेल इंजिन त्या तेलावर बेफाम पळू शकते. त्यामुळे कागदी फिल्टर आणि त्याआधी धूळ गाळणारे भांडे हा खर्च टर्बोच्या खर्चातच धरावा. टर्बोचे बेअरिंग इंजिनाच्या तेलावर चालते आणि ते तेल आपल्या वजनाने खाली ऑइल पॅनमध्ये उतरते. परतीची नळी आखूड, रुंद आणि सरळ उताराची नसेल तर तिरक्या वाटेवर तेल तुंबते आणि सीलमधून गळते. चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे चालू ठेवायची सवयही लागते, नाहीतर थांबलेल्या तेलाचा तिथेच कोळसा होतो.

टर्बोने काळा धूर कमी होतो, म्हणून तो पर्यावरणाच्या बाजूचा, असेही म्हटले जाते. पंप न वाढवलेल्या जोडणीबाबत ते बरोबर आहे. पण पीयूसीच्या तपासणीत भारत स्टेज ४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराच्या काळेपणाची ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे आणि ती तपासणी गाडी उभी ठेवून, एकदम पाय दाबून होते. भार नसल्याने त्या क्षणी टर्बो जवळपास दाब देत नाही, पंप मात्र वाढवलेले डिझेल टाकतो. घाटात स्वच्छ जळणारी गाडी यंत्रापुढे काळी ठरते ती यामुळे.

कायद्याची बाजू आणखी कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तकातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ मालकाला सूट न देणारा असाच लावला. टर्बोने घन सेंमी बदलत नाहीत, म्हणून नोंदीत फरक पडत नाही, असा युक्तिवाद केला जातो. मला तो लंगडा वाटतो, कारण गाडीला मंजुरी मिळते ती ठरावीक बांधणीच्या आणि ठरावीक धुराच्या इंजिनासह, नुसत्या घन सेंमीवर नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. २०१४ पासून गोव्यात भर पावसात भरलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेतल्या किंवा बागायतीच्या आवाराबाहेर न पडणाऱ्या जीपचा प्रश्न वेगळा. सांखळीच्या बाजारात जाणाऱ्या आणि पत्रादेवीचा नाका ओलांडणाऱ्या जीपने आधी नोझल तपासून घ्यावेत, पंप कॅलिब्रेट करावा, कॉम्प्रेशन मोजावे आणि रेडिएटर खोलून साफ करावा. चाळीस वर्षांच्या इंजिनात मूळच्या ६२ अश्वशक्तीतली बरीचशी हरवलेली असते. ती परत मिळवायला कोणाची परवानगी लागत नाही.