वाकड्या टोकाची सुई : मोच्याच्या आरीपासून नरसापूरच्या लेसपर्यंत

१/ दारावरचे तोरण, रेडिओवर आणि पुढे दूरदर्शन संचावर पसरलेला जाळीदार रुमाल, ताटावरचे झाकण, बाळाचे टोपडे. मराठी मध्यमवर्गीय घरात क्रोशाचे काम इतके मुरले आहे की ही कला आजीच्या आजीपासून चालत आली असावी, असे सहज वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा जगात क्रोशाचा एकही छापील नमुना प्रसिद्ध झाल्याचे ज्ञात नाही. ही कला शनिवारवाड्यापेक्षा वयाने बरीच लहान आहे. तिच्या अल्प आयुष्यात मात्र एक दुष्काळ, एक साम्राज्य आणि लाखभर स्त्रियांचे न मोजलेले श्रम सामावले आहेत.

२/ प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. दोन सुयांच्या विणकामात शेकडो टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. एक सुटला तर खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात बहुधा एकच फास सुईवर असतो. त्यामुळे काम कोणत्याही दिशेने वाढवता येते, गोल फिरवता येते, मध्येच ठेवून चुलीकडे जाता येते. ही शेवटची सोय पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

३/ या सुईच्या पूर्वजांपैकी एक आपल्या शेजारचाच आहे. चामडे शिवण्याची आरी सर्वांना ठाऊक असते. गुजरात आणि कच्छमधील मोची कारागिरांनी टोकाला खाच असलेली बारीक आरी चामड्यावरून कापडावर आणली. ताणलेल्या कापडातून आरी खाली घालायची, खालचा धागा खाचेत अडकवून वर ओढायचा, त्या फासातून पुढचा फास काढायचा. कापडावर अखंड साखळी उमटते. हाताच्या साध्या सुईपेक्षा हे काम कितीतरी वेगाने होते. सतराव्या आणि अठराव्या शतकांत गुजरातेत असे भरलेले सुती पडदे आणि पलंगपोस युरोपीय कंपन्यांच्या जहाजांतून पश्चिमेकडे जात होते.

४/ अठराव्या शतकात हे तंत्र युरोपच्या दिवाणखान्यांत शिरले. कापड डफासारख्या गोल चौकटीवर ताणले जाई, म्हणून फ्रेंचांनी त्याला ‘तांबूर’ म्हणजे ढोल असे नाव दिले. ते केवळ भारतातून गेले असे म्हणता येत नाही. तुर्कस्तान आणि चीन यांचाही त्यात वाटा मानला जातो. त्याची प्रतिष्ठा केवढी होती, हे लंडनच्या नॅशनल गॅलरीतील एका चित्रावरून दिसते. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिचे द्रुए या चित्रकाराने १७६३-६४ मध्ये व्यक्तिचित्र काढले, ते तांबूरच्या चौकटीपुढे बसलेले. मोच्याच्या हत्याराचे भावंड आता राजदरबारातील स्त्रीच्या हातात होते. मोच्याचे चित्र अर्थातच कोणी काढले नाही.

५/ यानंतरची पायरी मोठी मजेची आहे. साखळी कापडावर घालता येते, तर कापडच काढून टाकले तर? फास हवेतच एकमेकांत गुंफत गेले तर उरते ती निव्वळ धाग्याची जाळी. क्रोशे असा जन्माला आला, हे एक मत. स्कॉटलंडमधील मेंढपाळ आकड्याने लोकर विणत, तोही एक उगम मानला जातो. दोन्ही प्रवाह एकत्र आले असावेत, हेच अधिक संभवनीय दिसते. नाव मात्र फ्रेंच राहिले : क्रोशे म्हणजे छोटा आकडा.

६/ १८२० च्या दशकात ‘पेनेलोपे’ नावाच्या डच नियतकालिकात क्रोशाच्या बटव्यांचे नमुने छापले गेले. एव्हाना गिरण्यांमुळे सुती धागा स्वस्त आणि एकसारखा मिळू लागला होता. यंत्राने धागा स्वस्त केला आणि त्या स्वस्त धाग्यावर हाताची एक नवी कला उभी राहिली. हस्तकला म्हणजे यंत्रयुगापूर्वीचे अवशेष, या लाडक्या समजुतीला क्रोशे अजिबात बसत नाही.

७/ आता आयर्लंड. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि लागोपाठ काही वर्षे पीक सडत गेले. खंडाने कसलेल्या तुकड्यावर जगणाऱ्या गरीब कुटुंबांचे बटाटा हेच मुख्य अन्न होते. सुमारे १० लाख माणसे मेली; साधारण तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून अन्नधान्य बाहेर जातच होते. भारतातील एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांचा इतिहास वाचलेल्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

८/ कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील अर्सुलाइन जोगिणी मुलींना क्रोशे शिकवत होत्या. १८४७ मध्ये मोनाहन परगण्यातील क्लोनिस गावी तेथील धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिने दुसऱ्या परगण्यातून शिक्षिका बोलावून हेच काम सुरू केले. तिकडे लंडनमध्ये एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर ही तरुणी १८४६ पासून नमुन्यांची पुस्तके छापत होती. तिचे वडील फ्रेंच, आई आयरिश. व्हेनिसच्या अतिमहाग लेसचे रूप क्रोशाने साधता येते, हे तिने दाखवून दिले.

९/ दुष्काळात क्रोशेच का? कारण भांडवल जवळजवळ शून्य. तारेचा किंवा मोडक्या सुईचा तुकडा घासून टोक वाकवायचे, लाकडाच्या नाहीतर बुचाच्या मुठीत खोचायचे, हत्यार तयार. व्हेनिसची सुईची लेस करायला लागे त्याच्या काही अंशाच्या वेळात तसेच दिसणारे काम उभे राही. धुराने भरलेल्या झोपडीत लेस मळली तरी शेवटी धुऊन, खळ देऊन पांढरी होई.

१०/ खरी क्रांती कामाच्या वाटणीत होती. आयरिश पद्धतीत गुलाब, पाने, तीन पानांचा शॅमरॉक असे नग सुटे केले जात. जाड दोरा आत ठेवून त्याभोवती टाके घातले की पाकळीला उठाव येई. नंतर हे नग कापडी आराखड्यावर उलटे टाचून त्यांच्यामधली जागा जाळीने भरली जाई. त्यामुळे एक बाई केवळ गुलाब करी, दुसरी केवळ पाने, तिसरी जोडणी. कुटुंबांचे स्वतःचे नग असत आणि ते शेजाऱ्यांपासून जपले जात. आजच्या भाषेत यास व्यापारी गुपित म्हणावे लागेल. लेसच्या पैशावर घरभाडे भागले, काही घरांत अमेरिकेच्या जहाजाचे तिकीट निघाले. क्लोनिसची गाठ आजही त्याच गावाच्या नावाने ओळखली जाते.

११/ श्रीमंत वर्ग प्रथम नाक मुरडत होता, कारण क्रोशे म्हणजे खऱ्या लेसची स्वस्त नक्कल. राणी व्हिक्टोरियाने आयरिश काम विकत घेतले, स्वतः ही कला शिकली आणि वारे फिरले. वृद्धापकाळी, १९०० मध्ये, तिने दक्षिण आफ्रिकेतील युद्धात लढणाऱ्या मोजक्या सैनिकांसाठी स्वहस्ते क्रोशाचे गळपट्टे विणले. एकाच सुईने एका बाईच्या घरी पीठ येत होते आणि दुसरीच्या घरी वेळ जात होता. क्रोशाच्या इतिहासातील जवळजवळ सर्व वाद या एका फरकात दडलेले आहेत.

१२/ एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश बेटांवरील मिशनरी स्त्रिया ही सुई घेऊन भारतात आल्या. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या आंध्रच्या त्रिभुज प्रदेशात नरसापूर आहे. तेथे आणि आसपास मिशनने धर्मांतरित गरीब स्त्रियांना, ज्यांत बहुसंख्य दलित होत्या, लेस शिकवली. तयार माल स्कॉटलंड, इंग्लंड, आयर्लंडमधील ओळखीच्या मंडळींकडे विक्रीला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यात व्यापारी उतरले आणि दानधर्माचा उपक्रम निर्यातीचा धंदा झाला. गुजरातच्या आरीचे दूरचे नातवंड शंभर-सव्वाशे वर्षांनी हिंदुस्थानात परतले, ते असे.

१३/ महाराष्ट्रातही त्याच सुमारास सुई आणि स्वावलंबन यांची सांगड घातली जात होती. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त स्त्रियांना शिवणापासून छापखान्यापर्यंतची कामे शिकवली. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवण-भरतकामाचे वर्ग होते. सुईचे निमित्त झाले की घरातील वडीलधारी मंडळी फारशी हरकत घेत नसत. वर्गात पोचलेल्या मुलीच्या हाती मग पुस्तकही देता येई. ही वाट नरसापूरहून वेगळी होती. इथे कौशल्य स्त्रीला घराबाहेर आणत होते, तिथे तेच तिला घरात ठेवणार होते.

१४/ १९७० च्या दशकाच्या अखेरीस मारिया मीस ही जर्मन समाजशास्त्रज्ञ नरसापूरला आली. तिचा अभ्यास १९८२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तेथे लेस करणाऱ्या स्त्रियांची संख्या लाखाच्या घरात असावी, असा त्या वेळचा अंदाज होता. त्या दिवसाचे सहा ते आठ तास, घरकाम सांभाळून, लेस करीत. मिळकत दिवसाला एका रुपयाहूनही कमी. शेतमजूर स्त्रीच्या किमान वेतनाच्या तुलनेत नगण्य. माल जात होता युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात.

१५/ इतक्या कमी पैशांत काम का चालत होते, याचे उत्तर जातिव्यवस्थेत आणि प्रतिष्ठेच्या कल्पनेत होते. मीसच्या काळी लेस करणाऱ्यांत कापू जातीच्या स्त्रिया बहुसंख्येने होत्या. घराबाहेर न पडणे, उन्हात न राबणे, ही त्यांच्या घराण्याची इभ्रत. शेतात राबणाऱ्या दलित स्त्रिया रोजाने त्यांच्यापेक्षा अधिक कमवीत; तरीही लेस करणारी स्वतःला त्यांच्याहून वरची समजे, कारण ती ‘मजूर’ नव्हती, ‘गृहिणी’ होती. व्यापाऱ्याला हा शब्द फार सोयीचा होता. गृहिणीला वेतन द्यावे लागत नाही. तिच्या फावल्या वेळाचा काहीतरी मोबदला दिला की पुरे.

१६/ कामाची विभागणीही आयर्लंडसारखीच. कोणी फुले करी, कोणी ती जोडी, दलाल धागा आणून देई आणि नग उचलून नेई. स्वतः केलेले फूल कोणत्या मेजपोसात बसले, तो कुठे आणि किती किमतीला विकला गेला, हे बाईला कळण्याचा मार्ग नव्हता. दलाल आणि निर्यातदार जवळजवळ सर्व पुरुष. मराठीतही ‘फावल्या वेळात करता येण्याजोगा उद्योग’ हा शब्दप्रयोग आपण सर्रास वापरतो. सहा-आठ तासांना फावला वेळ म्हणणारी भाषा कोणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न मीसचे पुस्तक वाचल्यावर पाठ सोडत नाही.

१७/ २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे संरक्षण झाले, हे चांगलेच. मानांकन मात्र वस्तूला मिळते. एका फुलामागे किती पैसे द्यायचे, हे ते ठरवत नाही.

१८/ आणखी एक गोष्ट. दोन सुयांच्या विणकामाचे यंत्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झाले. व्यापारी प्रमाणावर खरा क्रोशे विणणारे यंत्र आजही बाजारात नाही. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते, पण तिचे टाके वेगळे असतात. त्यामुळे दुकानात शे-दोनशे रुपयांना टांगलेला खऱ्या क्रोशाचा पोशाख कोणाच्या तरी हातानेच झालेला असतो. किमतीतून धागा, वाहतूक, दुकानदाराचा नफा वजा केला की त्या हाताला काय उरले, याचे गणित ज्याने त्याने करावे.

१९/ ज्यांना हे घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी आयरिश गुलाब उत्तम. पांढरा सुती धागा आणि बारीक सुई घ्यावी. आठ साखळ्या घालून गोल जोडावा. त्या गोलावर पाच-पाच साखळ्यांच्या सहा कमानी कराव्यात. प्रत्येक कमानीत आधी एक आखूड टाका, मग पाच खांब, पुन्हा एक आखूड टाका घातला की सहा पाकळ्या तयार. आता पाकळ्यांच्या मागच्या बाजूने सात-सात साखळ्यांच्या कमानी घालाव्यात आणि त्यांवर थोड्या मोठ्या पाकळ्या विणाव्यात, म्हणजे दुसरा थर पहिल्याखालून डोकावतो. तिसरा थर हवा असल्यास तोही असाच, आणखी मोठ्या कमानींवर. सुरू करताना घड्याळ पाहून ठेवावे. नवशिक्याचा पहिला गुलाब तासाभरात झाला तरी पुष्कळ, आणि एका मेजपोसाला असे कितीतरी गुलाब लागतात.