रेडिओ सिलोनचे गाजलेले कार्यक्रम : कोलंबोची गाणी आपल्याकडे कशी पोचली?

भवानी पेठ, सोलापूर : बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला आणि रोज सकाळी आठला दोन-तीन मिनिटं कमी असताना सैगलचं गाणं. रेडिओ सिलोनच्या या वेळा जुन्या श्रोत्यांना आजही तोंडपाठ आहेत. केंद्र श्रीलंकेतलं, कार्यक्रम हिंदीत आणि ऐकणारे पेठेतल्या मागवाल्यापासून वस्तीवरच्या शेतकऱ्यापर्यंत. परक्या देशाचं केंद्र इथं एवढं का चाललं, त्याची ही माहिती.

केंद्र कुठलं?
दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी सिलोनमध्ये ताकदवान प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं. युद्ध संपल्यावर ते रेडिओ सिलोनकडे आलं. कोलंबो ते सोलापूर अंतर बाराशे किलोमीटरहून जास्त. पण शॉर्टवेव्हच्या लहरी वर वातावरणावर आदळून परत खाली येतात, त्यामुळे लांबचं केंद्रही लागतं. आवाज मात्र कमी-जास्त व्हायचा, खरखरही यायची. मग वायर बांधून एरियल उंच करायची, काटा हळूहळू फिरवायचा.

आपल्याकडे गाणी का बंद झाली?
१९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हे मंत्री मराठीच. सिनेमाची गाणी हलकी, लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं, असं त्यांचं मत. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला, तेही काम मोठंच. पण सिनेनिर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास गायब झाली. लोकांनी तक्रार करत बसण्यापेक्षा काटा सिलोनकडे वळवला.

बिनाका गीतमाला
३ डिसेंबर १९५२ ला पहिला कार्यक्रम झाला. निवेदक अमीन सयानी, तेव्हा वय अवघं वीसच्या आसपास. मानधन आठवड्याला २५ रुपये. रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. सुरुवातीला सात गाणी लावून त्यांचा क्रम श्रोत्यांना ओळखायला सांगत, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९ हजार पत्रं आली. पुढे आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. त्यानंतर गाण्यांची क्रमवारी सुरू झाली. गाणं कितव्या पायदानावर आणि वर्षाचं सरताज गीत कोणतं, यावर पैजा लागायच्या. रेकॉर्डच्या विक्रीबरोबर श्रोता संघांची पसंतीही क्रमवारीत धरली जायची. म्हणजे गावातल्या पोस्टकार्डालाही किंमत होती.

इतर गाजलेले कार्यक्रम
• पुरानी फिल्मों का संगीत : सकाळी साडेसातला. शेवटचं गाणं कुंदनलाल सैगल यांचंच.
• आप ही के गीत : सकाळी आठला, श्रोत्यांच्या फर्माइशी. झुमरी तिलैया हे आत्ताच्या झारखंडमधलं गाव फर्माइशींमुळेच देशाला माहीत झालं.
• जब आप गा उठे, दृश्य और गीत : वेगळ्या कल्पनेवर बांधलेले गाण्यांचे कार्यक्रम.

गोपाल शर्मा, मनोहर महाजन यांचे आवाज याच केंद्रावरून घरोघरी गेले. सुनील दत्तही नट होण्याआधी इथंच निवेदक होते.

पुढे काय झालं?
श्रोते गेले, त्यांच्यामागे जाहिरातींचा पैसाही सिलोनला गेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली आणि फिल्मी गाणी परत आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिरातीही लागू लागल्या. १९८९ मध्ये खुद्द गीतमालाच विविध भारतीवर आली. अमीन सयानी यांचं २० फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत निधन झालं. लोकांनी काय ऐकावं हे दिल्लीत ठरलं होतं, पण काटा श्रोत्याच्या हातात होता. शेवटी आकाशवाणीलाच त्याच्या आवडीकडे यावं लागलं.