ऑइलचा लाल दिवा लागला: दोष सेन्सरचा की इंजिनचा?

जुन्नरहून घाटघरला जाणारा रस्ता साधारण 30 किलोमीटरचा. जीवधनच्या पायथ्याशी गाव, पुढे नाणेघाटाचा माथा आणि तिथे गाडीरस्ता संपतो. खाली वैशाखऱ्याकडे उतरते ती फक्त पायवाट. म्हणजे गाडी बिघडली, तर आल्या वाटेनेच जुन्नरला परतावं लागतं. अशा ठिकाणी जुन्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचं लाल चित्र पेटलं, तर "सेन्सर खराब असेल" म्हणत पुढे जाणं चांगलंच महागात पडू शकतं.

हा दिवा नेमकं काय सांगतो?

इंजिनमध्ये किती ऑइल आहे, हे हा दिवा सांगत नाही. ते किती दाबाने फिरतंय, हे सांगतो. ऑइल पंप हे तेल क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत ढकलतो. तेलाचा हा पातळ थर गेला की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकतं.

दाब ओळखणारे भाग दोन प्रकारचे असतात:

- स्विच: दाब ठरावीक पातळीखाली, बऱ्याच गाड्यांत अर्ध्या बारच्या आसपास, गेला की दिवा लावतो.
- सेंडर: दाबानुसार त्याचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावर मीटरचा काटा हलतो.

काही गाड्यांत दोन्ही असतात. बाजारात दोघांनाही सरसकट "ऑइल सेन्सर" म्हणतात, त्यामुळे विकत घेताना घोटाळा होतो.

दिवा लागल्यावर आधी काय करावं?

गाडी सुरक्षित जागी सपाटीवर घेऊन इंजिन लगेच बंद करावं. पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. ऑइल कमी असेल, तर योग्य ग्रेडचं घालावं. वळणावर किंवा चढावरच दिवा लुकलुकत असेल, तर ऑइल कमी असण्याची शक्यता जास्त. तेल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल, तर इंजिन चालवू नये, गाडी टो करावी.

दोष सेन्सरचाच आहे, हे कसं ओळखायचं?

1. इग्निशन चालू, इंजिन बंद असताना स्विचची वायर काढावी. दिवा विझायला हवा. नाही विझला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे.
2. तीच वायर इंजिनच्या धातूला लावली की दिवा लागायला हवा. सेंडरच्या वायरवर मात्र हा प्रयोग मॅन्युअल पाहिल्याशिवाय करू नये.
3. कनेक्टरच्या आत तेल आलं असेल, तर सेन्सरचा आतला पडदा फुटला आहे.
4. खात्रीची चाचणी एकच. सेन्सर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायचा, इंजिन गरम होऊ द्यायचं आणि आयडलला व वाढवलेल्या आरपीएमला दाब मोजायचा. ढोबळ नियम दर 1000 आरपीएमला 10 पीएसआयचा, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

गेजवरही दाब कमी दिसला, तर सेन्सर खरं बोलत होता. मग पंप, जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह आणि बेअरिंग तपासावी लागतात.

बदलायचा कसा?

इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. सेन्सरभोवतीची माती पुसावी, नाहीतर ती थेट तेलाच्या वाटेत जाते. खाली फडकं धरून खोल सॉकेटने सेन्सर सोडवावा. बहुतेक इंजिनांत ऑइल पूर्ण काढावं लागत नाही, थोडंसंच सांडतं.

नवा सेन्सर जुन्याशेजारी धरून आटे, लांबी आणि पिना जुळवाव्यात. आधी हाताने फिरवावा आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरानेच आवळावा. ॲल्युमिनियममधले आटे पटकन जातात. टेफ्लॉन टेपचा भरपूर वापर टाळावा. बऱ्याच सेन्सरचं अर्थिंग आट्यांमधूनच होतं आणि टेपचा तुकडा तेलाची वाट अडवू शकतो.

इंजिन सुरू केल्यावर दिवा काही सेकंदांत विझायला हवा. गळती पाहावी आणि ऑइलची पातळी पुन्हा तपासावी.

गोव्याच्या 'सॅन स्टॉर्म'चं उदाहरण

1990 च्या दशकाच्या अखेरीस गोव्याच्या सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' ही दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार आणली. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं 1149 सीसीचं, ताकद सुमारे 60 अश्वशक्ती. कारचं उत्पादन आता बंद आहे. पण याच 'डी7एफ' कुळातलं इंजिन रेनोच्या ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांतही होतं. त्यामुळे अशा गाडीचा सेन्सर शोधताना कारच्या नावापेक्षा इंजिनचा कोड उपयोगी पडतो. दुर्मीळ गाड्यांच्या बाबतीत हे बहुतेकदा खरं ठरतं.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. पत्र्याच्या बॉडीतून वीज परत जाते, फायबरग्लासमधून जात नाही. म्हणून अशा गाडीत मीटर चुकीचं दाखवू लागलं, की नवा सेन्सर घेण्याआधी मीटरची अर्थ वायर आणि इंजिन ते बॅटरी हा पट्टा तपासावा. कधी कधी गंजलेला एक बोल्ट घासून साफ केला, तरी काटा जागेवर येतो.

लांब जाताना सोबत काय असावं?

त्याच ग्रेडचं एक लिटर ऑइल, फडकं, सेन्सरला बसणारा सॉकेट आणि जुळवून पाहिलेला एक नवा सेन्सर. इग्निशन देताच ऑइलचा दिवा लागतो का, हेही निघण्याआधी पाहावं. जो दिवा तेव्हा लागतच नाही, तो घाटातही लागणार नाही, आणि ते लागलेल्या दिव्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.