जेन (चित्रमालिका)

जेन ही 'डेली मिरर' या ब्रिटिश दैनिकातील त्याच नावाच्या चित्रमालिकेची नायिका होय. चित्रकार नॉर्मन पेट यांनी निर्माण केलेली ही मालिका ५ डिसेंबर १९३२ ते १० ऑक्टोबर १९५९ या काळात प्रसिद्ध होत होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांमध्ये तिला विलक्षण लोकप्रियता लाभली.

उगम

मालिकेचे आरंभीचे नाव 'जेन्स जर्नल' असे होते. त्या काळच्या चैनी तरुण पिढीतील एका मुलीची रोजनिशी असे तिचे स्वरूप होते. फ्रिट्झ हा जर्मन जातीचा डाक्सहुंड कुत्रा जेनचा नित्याचा सोबती असे. प्रारंभी प्रत्येक दिवसाचा विनोद स्वतंत्र असे. १९३८ मध्ये लेखक डॉन फ्रीमन यांच्या सहभागाने मालिकेला सलग कथानकाचे रूप मिळाले. आज अर्धवट राहिलेला प्रसंग उद्या पुढे सरके. त्यामुळे वाचकांची उत्सुकता टिकून राही.

पेट यांनी प्रथम आपल्या पत्नीला समोर ठेवून जेनचे चित्र रेखाटले. पुढे क्रिस्टाबेल लेटन-पोर्टर या जेनच्या चित्रांसाठी प्रतिरूप म्हणून बसू लागल्या आणि त्यांची ओळख जेनशी कायमची जोडली गेली.

युद्धकाळ

युद्ध सुरू झाल्यावर जेनही युद्धकार्यात ओढली गेली. हेरगिरी, लष्करी सेवा आणि शत्रूच्या हस्तकांशी झटापट हे तिच्या कथांचे विषय बनले. मात्र विनोदाची मुख्य क्लृप्ती जुनीच राहिली: दाराच्या कडीत किंवा काटेरी कुंपणात अडकून तिचे कपडे फाटत आणि ती अंतर्वस्त्रांवर उरे. १९४३ मध्ये ती प्रथमच पूर्णपणे विवस्त्र दाखवण्यात आली. अतिपूर्वेतील अमेरिकी सैनिकांच्या 'राउंडअप' या पत्राने जेनच्या अशाच एका वस्त्रत्यागाचा संबंध ब्रिटिशांच्या ३६व्या डिव्हिजनने केलेल्या आगेकुचीशी आणि आराकानमधील हल्ल्याशी जोडून थट्टा केली होती. जेन हे ब्रिटनचे गुप्त अस्त्र असल्याचा उद्गार विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर सांगितला जातो.

कागदटंचाईमुळे वृत्तपत्रांची पाने घटली, तरी जेनची जागा कायम राहिली. घरापासून दूर असलेल्या सैनिकाला रोजच्या रोज भेटणारी ही ओळखीची व्यक्ती होती. पुढच्या भागात काय घडेल, या उत्सुकतेत उद्याची वाट पाहण्याचे एक साधे कारण दडलेले होते. मनोधैर्य टिकवण्याचे तिचे कार्य मुख्यतः हेच होते.

स्वरूप व मूल्यमापन

जेन स्वतःहून मोहात पाडणारी स्त्री नव्हती. ती निष्पाप, मनमिळाऊ आणि प्रियकर जॉर्जी पॉर्जीशी एकनिष्ठ होती. तिची फजिती नेहमी अपघाताने होई. या निष्पापपणामुळे कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात असे चित्र छापणे सोपे गेले. परंतु फजितीची किंमत दरवेळी तिलाच मोजावी लागे, हेही नजरेआड करता येत नाही. देशासाठी राबणारी धाडसी स्त्री आणि पुरुषांच्या करमणुकीसाठी विवस्त्र होणारी स्त्री, ही दोन्ही रूपे एकाच चौकटीत होती. त्या काळी ब्रिटनमधील असंख्य स्त्रिया कारखान्यांत व सैन्यदलांच्या साहाय्यक सेवांत काम करीत होत्या. त्यांच्या जीवनाची छाया जेनच्या कथांत दिसते, मात्र विनोदापुरतीच.

उत्तरकाळ

१९४८ पासून पेट यांचे साहाय्यक मायकल हबर्ड यांनी मालिकेची चित्रे काढली. १९४९ मध्ये 'दि अॅडव्हेंचर्स ऑफ जेन' हा चित्रपट आला. त्यात लेटन-पोर्टर यांनीच जेनची भूमिका केली. शांततेच्या काळात मात्र मालिकेचा बहर ओसरत गेला. १९५९ मध्ये जेन व जॉर्जी यांच्या मीलनाने तिची सांगता झाली. १९८२ ते १९८४ दरम्यान बीबीसीने ग्लिनिस बार्बर यांना घेऊन जेनवर दूरचित्रवाणी मालिका केली. त्यात जिवंत कलाकार रेखाटलेल्या पार्श्वभूमीवर वावरत. १९८७ मध्ये 'जेन अँड द लॉस्ट सिटी' हा चित्रपट प्रदर्शित झाला.