मृताची इच्छा आणि जिवंताचें ओझें

मृत्युपत्र करणारा मनुष्य आपली अखेरची इच्छा कागदावर ठेवून जातो. परंतु ती पार पाडण्यास जिवंत माणूसच लागतो. कायदा त्यास एक्झिक्यूटर, म्हणजे मृत्युपत्राचा व्यवस्थापक, म्हणतो. मिळकत ताब्यांत घेणें, उत्तरक्रियेचा खर्च भागविणें, कर्ज फेडणें, येणें वसूल करणें व उरेल तें ज्याचें त्यास पोंचविणें, हीं त्याचीं कामें. मिळकत त्याच्या हातीं असते, उपभोगास नसते. प्रोबेट मिळाल्यापासून ६ महिन्यांत मिळकतीची यादी व एका वर्षांत हिशेब कोर्टापुढें ठेवावा, असा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचा दंडक आहे.

हें ओझें किती जड होऊं शकतें, याचा दाखला महाराष्ट्राच्याच इतिहासांत आहे. ७ ऑगस्ट १८९७ रोजीं पुण्यांत सरदार बाबामहाराज पंडित वारले. मृत्युपत्रांत त्यांनीं लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे प्रभृति विश्वासू मंडळींस व्यवस्थापक नेमलें होतें. टिळक त्या वेळीं राजद्रोहाच्या खटल्यांत नुकतेच जामिनावर सुटले होते. अशी नेमणूक नाकारतां येते. टिळकांनीं ती नाकारली नाहीं.

बाबामहाराजांच्या पश्चात् झालेला मुलगा अल्पावधींतच गेला. तेव्हां मृत्युपत्राप्रमाणें व्यवस्थापकांच्या सल्ल्यानें दत्तक घेणें प्राप्त झालें. १९०१ सालीं औरंगाबादेस जगन्नाथाचें दत्तविधान झालें. परंतु मिळकतीवर कर्ज होतें, व्यवस्थापकांनीं खर्चास आळा घातला होता, आणि तरुण विधवेस तो जाच वाटावा हें स्वाभाविक होतें. ताईमहाराजांनीं तें दत्तविधान नाकारलें, कोल्हापुरास दुसरा मुलगा दत्तक घेतला व प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज केला.

१९०२ सालीं न्यायाधीश ॲस्टन यांनीं अर्ज मान्य केला व टिळकांस फौजदारी चौकशीकडे पाठविलें. १९०३ सालीं खोट्या साक्षीबद्दल त्यांस १८ महिन्यांची शिक्षा झाली; मार्च १९०४ मध्यें हायकोर्टानें त्यांस निर्दोष ठरविलें. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. टिळक मंडालेस असतां हायकोर्टानें तो जगन्नाथाविरुद्ध फिरविला. अखेर १९१५ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें औरंगाबादचें दत्तविधान कायम केलें.

एका स्नेह्यास दिलेला शब्द पाळण्यांत अशीं १८ वर्षें गेलीं. म्हणून मृत्युपत्रांत कोणाचें नांव घालण्यापूर्वीं त्यास विचारावें. आणि ज्यास विचारलें, त्यानें होकार देण्यापूर्वीं पुरता विचार करावा.