शस्त्रक्रियेनंतरची जखम



घरांतील माणसावर शस्त्रक्रिया व्हावयाची असली म्हणजे आपण शस्त्रवैद्याचें नांव विचारतों, त्याच्या हाताला यश आहे कीं नाहीं याची चौकशी करतों. परंतु टांके पडल्यावर ती जखम ज्यांच्या स्वाधीन असते, त्या परिचारिकांस व मलमपट्टी करणारांस काय ठाऊक आहे, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. त्या ज्ञानाचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

व्रणी मनुष्याचें घर स्वच्छ असावें, त्यानें नखें व केस कापलेले ठेवावे, मोहरी व निंबाच्या पानांची धुरी द्यावी, असें आपल्या सुश्रुतानें सांगून ठेविलें आहे. तरीही १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील मोठमोठ्या इस्पितळांत जखम म्हटली कीं पू हा ठरलेलाच. कित्येक वैद्य तर घट्ट पू हें सुचिन्ह मानीत.

१८४७ सालीं व्हिएन्ना येथील प्रसूतिशाळेंत सेमेलवाइस यानें पाहिलें कीं, वैद्य मंडळी शवविच्छेदन करून तशींच बाळंतिणींकडे येतात. त्या विभागांत एप्रिल महिन्यांत शेंकडा १८ स्त्रिया दगावल्या होत्या. चुनखडीसारख्या क्लोरीनयुक्त भुकटीच्या पाण्यानें हात धुण्याची त्यानें सक्ती केली, आणि जूनमध्यें हें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास उतरलें. पण असें कां होतें हें त्याला पटवून देतां आलें नाहीं. त्यामुळें पुष्कळांनीं तें मानिलें नाहीं.

तें कारण पाश्चर याच्या जंतुसंशोधनानें पुढें आणिलें. तें वाचून ग्लासगो येथें लिस्टर यानें ऑगस्ट १८६५ मध्यें, गाडीखाली पाय सांपडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडाची पट्टी बांधली. जखम पू न होतां भरून आली. पूर्वीं त्याच्याकडे अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकीं १६ मेले होते. नव्या पद्धतीनें ४० पैकीं ६ मेले. १८६७ सालीं त्यानें आपली पद्धत प्रसिद्ध केली, आणि योगायोग असा कीं पुण्याचें ससून रुग्णालयही त्याच सालचें.

याच ससूनमध्यें १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर कर्नल मॅडॉक यांनीं शस्त्रक्रिया केली. गांधीजी तेव्हां येरवड्याचे बंदिवान होते. मध्येंच विजेचा दिवा गेला आणि कंदिलाच्या उजेडांत काम पुरें करावें लागलें. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण पुढें त्या जागीं गळूं झालें आणि प्रकृति सुधारण्यास वेळ लागला. ५ फेब्रुवारी रोजीं सरकारनें त्यांस मुक्त केलें. यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. जंतु बाहेरूनच येतात असें नाहीं. आंतड्यांतलेही जखमेंत उतरतात. सल्फा औषधें १९३५ नंतरचीं, पेनिसिलीन त्याही मागून आलें. तोंवर धुतलेले हात, उकळलेलीं शस्त्रें आणि परिचारिकेची जागरूक नजर एवढाच आधार होता.

औषधें आल्यावर ही नजर थोडी सैल झाली. औषध जितकें अधिक दिवस, तितकी जखम सुरक्षित, अशी समजूत घरोघरीं आहे, आणि ती सर्वस्वीं खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, प्रतिबंधक औषध लागणार असेल तर तें चीर देण्यापूर्वींच्या १२० मिनिटांत द्यावें. शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंधासाठीं चालू ठेवूं नये. वस्तऱ्यानें केसही काढूं नयेत, कारण त्यानें पडणाऱ्या बारीक ओरखड्यांत जंतु घर करितात. पूर्वीं हीच गोष्ट दक्षता म्हणून शिकविली जात असे! ज्ञान एकदां मिळवून पेटींत ठेवण्याजोगें नसतें, तें असें.

तेरेखोलच्या खाडीकाठच्या आमच्या आरोंद्याहून रुग्ण सावंतवाडीस किंवा खाडीपलीकडे गोव्यांत बांबोळीस जातो, आणि टांके घेऊन घरीं परततो. जखम चिघळण्याचा धोका पुढें महिनाभर तरी असतो. मग तिची राखण घरच्या सुनेकडे वा आईकडे येते. तेव्हां इस्पितळांतून निघतांना पट्टी करणारीस विचारून घ्यावें: पट्टी केव्हां बदलावी, पाणी केव्हां लागूं द्यावें? लाली, ऊब, वाढती सूज, पू किंवा ताप दिसतांच हळद-मलम न लावितां परत जावें. आणि पट्टीस हात लावण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे. सेमेलवाइसनें एवढेंच तर मागितलें होतें.