दिनविशेष : २९ नोव्हेंबर
ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाइनची अरब व ज्यू अशा दोन राज्यांत फाळणी करून जेरुसलेम आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवावे, हा ठराव १९४७ साली आजच्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत केला. १० राष्ट्रे तटस्थ राहिली. तत्पूर्वी या प्रश्नावरील संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी समितीत भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी जेरुसलेम राजधानी असलेले एकच संघराज्य सुचविले होते. परंतु ज्या दोन पक्षांनी त्याचा कारभार चालवावयाचा, त्यांपैकी एकालाही ते मंजूर नव्हते, आणि लादलेले सहजीवन दप्तरातच शोभते, हेही खरेच. नुकतीच स्वतः फाळणी भोगलेल्या भारताने ठरावाविरुद्ध मत दिले, यात नवल नाही. दुसऱ्याच दिवशी पॅलेस्टाइनमध्ये हिंसाचारास आरंभ झाला. ठरावातील अरब राज्य त्या योजनेप्रमाणे कधीच अस्तित्वात आले नाही.